भावोजींचं कवच

बॅग पडद्यावर उमटली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं ती विमानतळावर याच यंत्रासमोर बसून लोकांच्या बॅगांची आतडी बघत होती, पण असला ऐवज तिने पाहिला नव्हता. स्वेटरच्या घडीत पत्र्याचा डबा, त्यात तांब्याच्या तारेचं भेंडोळं, दोन सेल आणि मधोमध एक काळा ठोकळा. बॅग कुणाची, हे तिला मान वर न करताच कळलं. काल संध्याकाळपासून ती बॅग तिच्याच घरात, सोफ्याला टेकून उभी होती.

बॅग होती भावोजींची, म्हणजे तिच्या नणंदेच्या यजमानांची. भावोजींनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघायचं काम पूर्णवेळ घेतलं आणि त्यातून त्यांना कळलं, की विमानं जमिनीवरून रिमोटने चालतात.

"लिफ्टमन काय करतो?" काल जेवताना त्यांनी समजावलं होतं. "बटण दाबतो. लिफ्ट उचलते वरची मोटर. आता तो गणवेश घालून स्टुलावर बसला, म्हणून काय त्याने लिफ्ट उचलली? पायलटचं तसंच. आणि वहिनी, राग मानू नका, पण तुमची ती तपासणी म्हणजे नुसता देखावा. इकडे तुम्ही लोकांचे बूट काढायला लावता, तिकडे रिमोटवाला आरामात खुर्चीत बसलेला."

राग मानू नका म्हणे! तिचे डोळे दिवसभर पडद्याकडे बघून चुरचुरत होते. नवरा ताटात बघून गालातल्या गालात हसत होता. पण भावोजी पडले घरचे जावई. शिवाय जात होते मुलीला निरोप द्यायला. पोरीने मालवाहू जहाजावर इंजिनिअरची नोकरी धरली होती, विमानाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज सुटणार होतं आणि मग नऊ महिने भेट नाही. गाडीने दोन दिवस लागले असते, म्हणून भावोजी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते. तिने राग गिळला आणि एवढंच बजावलं, "भावोजी, बॅगेत कपडे, औषधं, कागदपत्रं. बाकी काही म्हणजे काही नाही."

"वहिनी, मला काय एवढं कळत नाही?"

आता तिने पट्टा थांबवला. नातेवाइकाची बॅग असली तर बाजूला होऊन वरिष्ठांना सांगायचं, असा नियम. तिने सांगितलं. जाड मिशांचे साहेब आले, पडदा बघून त्यांच्या मिशा ताठ झाल्या.

"काका, डब्यात काय आहे?"

"कवच," भावोजी अभिमानाने म्हणाले.

"कसलं कवच?"

"विमान पळवायचं म्हटलं..." भावोजींना खोकला आला. आवाज मूळचाच खणखणीत. मोटरच्या खोलीत तीस वर्षं ओरडून बोलायची सवय. खोकला थांबल्यावर त्यांनी "...बाहेरून कुणी, तर सिग्नल अडवायला" हे वाक्य पुरं केलं खरं, पण ते ऐकायला रांगेत कोणी उरलं नव्हतं. मागची बाई "अगं बाई गं!" म्हणून ट्रे टाकून पळाली. तिच्यामागे हातात कमरेचा पट्टा आणि पायात एकच बूट घातलेला गृहस्थ पळाला. त्याच्यामागे उरलेली रांग. दोन मिनिटांत शिट्ट्या वाजल्या, अख्खं दालन रिकामं झालं आणि तपासून आत गेलेले प्रवासीही बाहेर आणले गेले.

बॉम्बशोधक पथक आलं. कुत्र्याने डबा हुंगला आणि कंटाळून जांभई दिली. माणसांनी मात्र दीड तास घेतला. शेवटी डबा उघडला, तेव्हा काळा ठोकळा निघाला जुन्या लिफ्टचा रिले, मोटरची वीज चालू-बंद करणारा खटका. खाली लिमलेटच्या गोळ्या होत्या आणि झाकणाच्या आत एक चिठ्ठी डकवलेली होती. साहेबांनी ती मोठ्याने वाचली.

"'काही अडचण आल्यास संपर्क: आमच्या वहिनी, विमानतळ सुरक्षा.' खाली नंबर आहे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, हा नंबर तुमचा?"

"हो, सर."

"लेखी खुलासा द्या."

भावोजींना समज देऊन, तीन कागदांवर सह्या घेऊन सोडलं आणि कवच जप्त केलं. बाहेर येताच ते म्हणाले, "बघितलंत वहिनी? कवच चालतं, म्हणूनच काढून घेतलं."

मग मात्र तिचा बांध फुटला.

"भावोजी, गप्प बसा! एक अक्षर बोलू नका! अकरा वर्षं झाली, रोज हजार बॅगा बघते मी. कुणाचे मळके मोजे, कुणाची कवळी. एक चुकीची बॅग आत गेली तर काय होईल, या धास्तीने पापणी लवू देत नाही. आणि तुम्ही पलंगावर लोळत व्हिडिओ बघून मला सांगता, देखावा आहे! तुमच्या पोरीचं जहाज उद्या सुटतंय. तिला काय सांगू मी? तुझा बाप डब्यापायी राहिला म्हणून?"

भावोजींचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "विमान गेलं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

विमान गेलं नव्हतं. दालन रिकामं केल्यामुळे सगळ्यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून, आणि ती उरकेपर्यंत त्या विमानाच्या पायलटांचे कामाचे तास संपले होते. तशी घोषणाच झाली: विमान तयार आहे, पण पायलट नसल्यामुळे उड्डाण होऊ शकत नाही, दुसरे पायलट घरून निघाले आहेत. काउंटरवर दीडशे माणसं एका सुरात भांडू लागली. तिला मात्र त्या दिवसात प्रथमच बरं वाटलं.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "विमान उभं आहे. इंधन भरलेलं आहे. पायलट नाही, म्हणून जागचं हलत नाही. आता बोला."

भावोजींनी काचेपलीकडच्या विमानाकडे पाहिलं. "खरंय," ते म्हणाले. "चुकलंच माझं, वहिनी."

ती विरघळली. स्वतः जाऊन कागदी कपात चहा घेऊन आली. भावोजींनी दोन घोट घेतले आणि समजूतदारपणे मान डोलावली.

"म्हणजे रिमोटवाल्याचीही ड्यूटी संपली असणार. तोही माणूसच आहे."

तिने कप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उरलेला चहा कचऱ्याच्या डब्यात ओतला.

सायंकाळी एकदाचं ते विमान उडालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. तिचा खुलासा मुख्य कार्यालयाने तिसऱ्यांदा परत पाठवला होता. पहिल्यांदा नमुना चुकला म्हणून, दुसऱ्यांदा 'भावोजी' हे नातं त्यांच्या यादीत नाही म्हणून, आणि आता कारण न देताच, वर एक दिवसाची रजा कापून.

"सर, तुम्ही तर तिथंच होतात! माझी काय चूक?"

"काहीच नाही," साहेब ओशाळून म्हणाले. "पण माझ्या हातात काय आहे? सगळं वरून ठरतं. मी इथं नुसता सही करायला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे बंदराचा गोंगाट होता आणि त्यावर भावोजींचा आनंदाने फुटलेला आवाज.

"वहिनी, भेट झाली! पोरगी गळ्यात पडून रडली हो. आणि ऐका, जहाजाच्या कॅप्टनशी बोललो. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, खरं सांगा, हे चालवतं कोण? तर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, 'काका, आमच्या हातात काय आहे? सगळं तिकडून ऑफिसातून चालतं. आम्ही इथं नुसते उभे.' स्वतः कॅप्टन म्हणाले, वहिनी! आता तुमचं काय म्हणणं आहे?"

तिने तोंड उघडलं. समोर साहेब तिच्या कापलेल्या रजेवर सही करत होते, मान खाली घालून.

"वहिनी? ऐकू येतंय ना?"

"येतंय," ती म्हणाली.