डोळ्यांचा डॉक्टर शोधणारे शंकरअण्णा

आमचे शेजारी शंकरअण्णा कुणी डॉक्टर भेटला, की नमस्काराच्या आधी विचारतात, "डोळ्याचे का?" समोरचा हाडांचा किंवा दातांचा निघाला, तर "मंग ऱ्हाऊ द्या" म्हणून पाठ फिरवतात. एकदा तर आहेराच्या रांगेत उभं राहून त्यांनी नवरदेवालाच हे विचारलं. नवरदेव जनावरांचा डॉक्टर होता. वरबापाची समजूत काढता काढता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण अण्णांचं चुकतं, असंही म्हणता येत नाही. बीडला एकेका गल्लीत डोळ्यांचे तीन-तीन दवाखाने. आमच्या नांदूरघाटात एक नाही. तरणी माणसं ऊसतोडीला गेली, की मागं उरतात म्हातारी. मोतीबिंदू झालेली चंद्राबाई भिंतीला हात लावत पाण्याला जाते. तिला बीडला न्यायचं कुणी? म्हणून अण्णांनी आपली रस्त्याकडची खोली रंगवून ठेवलीय. डॉक्टर आला, की त्याला फुकट.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्यासाठी बीडला मुलगी बघायला निघालो. मुलगी डोळ्यांची डॉक्टर आहे हे अण्णांना कुठून कळलं कोण जाणे. इस्त्रीचं धोतर नेसून ते जीपमध्ये आमच्या आधी बसलेले!

पोहे आले. मुलीनं बशी पुढं केली आणि अण्णा म्हणाले, "लेकी, ह्यो पोरगा पसंत कर न्हाईतर नको करू. पर आमच्या गावात दवाखाना टाक. खोली लई हवेशीर हाय."

पुतण्याचा चेहरा पडला. मुलीचे वडील माझ्याकडं बघायला लागले. मी पोह्यांतले शेंगदाणे वेचायला लागलो.

मुलगी मात्र हसली नाही. "काका, तुमच्या गावातलं कुणीच डोळ्यांचं शिकलं नाही का?"

आम्हा गाववाल्यांना उत्तर ठाऊक होतं.

"शिकली हाय," अण्णा खाली बघत म्हणाले. "माझीच लेक हाय. पुण्यात असती."

"मग तिला का नाही बोलवत?"

"ती येतच व्हती. मीच म्हनलो, इथं काय ठिवलंय, जिंदगीची माती करशील. लई रडली, पर ऐकलं माझं." त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "आन आता दुसऱ्याच्या लेकी बोलवीत फिरतो. लाज वाटती बघ."

लग्न काही जमलं नाही. परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. अण्णांनी जरा बाजूला जाऊन लेकीला फोन लावला.

"वंदे, इचारत व्हतो, कधीमधी गावाकडं येऊन..." पलीकडून ती घाबरून काहीतरी विचारत असावी.

"न्हाई गं," अण्णा म्हणाले, "माझे डोळे चांगले हायत. समदं दिसतं मला." आणि उपरण्याच्या टोकानं डोळे पुसत तसेच उभे राहिले.