दलातला एकुलता एक तरुण

शहराच्या अग्निशमन दलात सर्वांत तरुण जवान एकसष्ट वर्षांचा होता. त्याला सगळे बाळ्या म्हणत. निवृत्तीचं वय दर वर्षी एका वर्षाने वाढत असल्यामुळे कोणीच त्या वयापर्यंत पोहोचत नव्हतं, आणि नव्या भरतीला लागणारी माणसं जन्मालाच आली नव्हती. सरकारी भाषेत याला अनुभवाचं जतन म्हणत.

शिडी चढण्याचं काम अर्थातच बाळ्याकडे होतं. बाकीच्यांपैकी कोणी पाण्याची नळी धरायचा, कोणी नळी धरणाऱ्याला धरायचा. बंब चालवणारा त्याचा सख्खा काका घाई करत नसे. उशिरा पोहोचलं की आग निम्मी दमलेली असते, असं त्याचं अनुभवसिद्ध मत होतं.

एके दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराला आग लागली. बाळ्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला आणि त्याचा डावा गुडघा अडकला. ना वर, ना खाली. खालच्या गर्दीकडे त्याची नजर गेली. आपण आता पडणार आणि मरणार, एवढंच त्याला कळत होतं. वरच्या खिडकीतून एका नव्वदीच्या आजींनी डोकं बाहेर काढलं.

"बाळा, हलू नकोस हं," त्या म्हणाल्या. "मी जिन्याने खाली येते आणि तुझी शिडी धरते."

दुसऱ्या दिवशी बाळ्या लंगडत साहेबांच्या खोलीत गेला. साहेब शहाऐंशी वर्षांचे होते आणि त्याचे वडील होते.

"बाबा, मला मोकळं करा."

"कार्यालयात साहेब म्हण."

"साहेब, माझे गुडघे गेलेत. पुढच्या वेळी मी पडेन हो!"

"माझेही गेलेत. मी बोललो कुणाला?"

"तुम्ही खुर्चीत बसता!"

"म्हणून तर टिकलोय," साहेब म्हणाले. "आणि घरी बसून करणार काय? बाप कामाला जातो आणि पोरगा दिवसभर लोळतो, हे तुझ्या आईला खपेल का? तुझ्यापेक्षा तरुण माणूस आणून दे आणि खुशाल जा."

दरम्यान, बाळ्याच्या गुडघ्याची सहानुभूतीने दखल घेऊन दलाने परिपत्रक काढलं. दुसऱ्या मजल्याच्या वर राहणाऱ्या नागरिकांनी आग लागल्यास ती तळमजल्यावर आणून द्यावी. नागरिक शिस्तीचे होते. एका कुटुंबाने पेटलेली गादी जिन्यावरून ओढत खाली आणली, त्यात जिनाही पेटला आणि तळमजलाही. सगळी आग शिडीविना आटोक्यात आली म्हणून साहेबांनी त्या कुटुंबाचा जाहीर सत्कार केला. तळमजल्यावरच्यांनी तक्रार केली, तेव्हा त्यांना वरच्या मजल्यावर राहायला जाण्याचा सल्ला देण्यात आला.

तरुण माणूस मात्र मिळेना. साहेबांनी अक्कल लढवून भरतीची जाहिरात अगदी बारीक अक्षरांत छापली. ज्याला चष्म्याविना वाचता येईल तो तरुण, म्हणजे वेगळी परीक्षा नको. एकही उमेदवार फिरकला नाही. साहेबांनाही ती वाचता आली नव्हती, त्यामुळे पत्ता छापायचा राहिल्याचं बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

बाळ्या घरी येऊन गुडघ्याला शेक घेत बसला. त्याला रडूच फुटलं.

"पुढच्या शिडीवरून मी परत येणार नाही गं."

बायकोने कपाळावर हात मारला. "जाहिरात वाचतंय कोण? गोष्ट छापा. सरकारी खात्याची टिंगल असली की लोक शेवटपर्यंत वाचतात. बाकी काही वाचत नाहीत."

साहेबांना कल्पना पटली. नाव बाळ्याचंच ठेवा म्हणाले, लोकांना कीव येईल.

तीच ही गोष्ट. आपण इथवर हसत आलात, म्हणजे डोळे शाबूत आहेत. चष्मा लावून वाचली असलीत तरी चालेल, ती अट कालच शिथिल झाली. उद्या सकाळी आठला केंद्रावर या. बूट बाळ्याचेच मिळतील, मापाचे निघतील असं नाही. जमणार नसेल तर जबरदस्ती नाही. आपल्याला कामं असतील, मुलांना परीक्षा असतील, आणि अशी कामं कोणीतरी दुसऱ्याने करायची असतात, हे दलालाही मान्य आहे. फक्त आपण कितव्या मजल्यावर राहता, तेवढं कळवून ठेवा.