माझा निरोप आणि बायकोचे डबे

बढाई मारत नाही, पण ऑफिसात कोणाच्या नजरेत न येता नोकरी कशी करावी, हे माझ्याकडून शिकावं! मीटिंगमध्ये मी खांबाच्या मागे बसतो. लिफ्टपाशी मोठे साहेब दिसले की माझ्या बुटाची नाडी सुटते. बुटाला नाडी नाही, तरी सुटते! माझं काम नेमकं काय आहे, हे इतक्या वर्षांत मला कोणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तर मलाही धड सांगता येणार नाही. कुठूनतरी एक तक्ता येतो, मी त्याच्या रकान्यांना रंग देतो आणि पुढे पाठवतो. पुढे म्हणजे कुठे, देव जाणे! पण पगार होतो, घर चालतं. ही खुर्ची गेली तर या वयात मला दुसरीकडे दारात कोण उभं करणार? म्हणून मी तिला घट्ट चिकटून होतो.

आणि एवढी माझी तपश्चर्या जेवणाच्या डब्यांनी धुळीला मिळवली!

त्याचं असं की, रिकामा डबा घरी न्यायची मला आठवणच राहत नाही. जेवलो की डबा ड्रॉवरमध्ये जातो आणि तिथेच नांदतो. त्या दिवशी सकाळी बायको कडाडली, "अहो, घरात होता नव्हता तो शेवटचा डबा तुम्ही आज नेताय! उद्या भाजी काय ओंजळीत देऊ?"

"आणतो गं आज."

"आणतो नाही, आणाच! सगळेच्या सगळे! डबे नसतील तर तुम्हीही येऊ नका."

एवढं ऐकल्यावर मी काय करणार? संध्याकाळी झेरॉक्सच्या कागदांचं एक रिकामं खोकं पैदा केलं. त्यात डबे रचले, खुर्चीवरचा स्वेटर कोंबला, ड्रॉवरमागची छत्री उभी खोचली आणि खोकं छातीशी धरून दाराकडे निघालो.

आता, ऑफिसात माणूस खोकं छातीशी धरून चालू लागला की त्याचा एकच अर्थ होतो, स्वारी नोकरी सोडून चालली. तो सगळ्या जगाला ठाऊक आहे. मला मात्र त्या घटकेला सुचला नाही!

शेजारच्या टेबलावरच्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. या बाईंनी माझा स्टेपलर कधीकाळी 'दोन मिनिटांसाठी' नेला होता, म्हणून मी मनात त्यांना स्टेपलरबाईच म्हणतो.

"अगं बाई! तुम्हीपण?" त्यांचा आवाज कापत होता.

"छे हो! डबे आहेत नुसते."

"शेवटी डबेच उरतात हो माणसाकडे!" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि माझा स्टेपलर खोक्यात ठेवला.

मग रांगच लागली. समोरच्या टकलूने माझा चार्जर परत केला. कोणीतरी माझं पेन आणून दिलं, टोपणासकट! कोपऱ्यातल्या उंच गृहस्थाने, ज्याच्याशी मी आयुष्यात अवाक्षर बोललो नव्हतो, माझी छत्री आणून दिली. मग खोक्यात होती ती कोणाची, कोण जाणे. मी प्रत्येकाला "अहो, ऐका तर" म्हणत होतो आणि प्रत्येक जण "काही बोलू नका, बोललात की जास्त त्रास होतो" म्हणून पाठीवर थोपटत होता.

गर्दी बघून भरती खात्याच्या मॅडम धावत आल्या. कोणी चाललंय आणि आपल्यालाच पत्ता नाही, हे त्या कबूल कशा करणार? "हो हो, सगळं ठरल्याप्रमाणेच आहे!" असं म्हणून त्यांनी फ्रिजमधला केक मागवला. केकवर दुसऱ्याच कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. त्या सुरीने सारवून टाकल्या.

मोठे साहेब आले. भाषणाला उभे राहिले. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून अख्ख्या भाषणात ते मला 'आपला हा माणूस' म्हणाले.

"आपला हा माणूस सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर जायचा! कंपनी अडचणीत असताना यानेच ती खांद्यावर घेतली! पण कधी पुढे पुढे केलं नाही. कायम खांबाच्या मागे!"

खांबाचं तेवढं खरं होतं. बाकी मी कशाला खांदा दिला होता, मला आठवेना. पण काय सांगू, त्या क्षणी तोंड उघडवेना! इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी चार शब्द बरे बोललं नव्हतं, घरी तर नाहीच नाही. टाळ्या वाजत होत्या, स्टेपलरबाई हुंदके देत होत्या आणि मीही खोक्यातल्या स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. असा माणूस निघून गेल्यावर या ऑफिसचं कसं होणार, असं मला मनापासून वाटू लागलं!

त्याच भरात मॅडमनी हात पुढे केला आणि मी गळ्यातलं ओळखपत्र काढून देऊन टाकलं. बदल्यात भिंतीवरचं एक भलंमोठं घड्याळ मिळालं. खाली गेटवर वॉचमनकाकांनी मला सलाम ठोकला आणि खोकं मात्र ठेवून घेतलं. सोडून जाणाऱ्याचं सामान तपासून, शिक्का मारूनच द्यायचं, आणि शिक्केवाले घरी गेलेले!

"डबे?" बायकोने दारातच विचारलं.

"उद्या नक्की. हे बघ, घड्याळ मिळालं!"

"कशाबद्दल?"

"चांगल्या कामाबद्दल," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तडक हातपाय धुवायला गेलो.

रात्रभर ठरवत होतो, सकाळी जायचं, गंमत झाली म्हणून सांगायचं, हसायचं, खुर्चीवर बसायचं. पण सकाळी गेटच उघडेना. वॉचमनकाका म्हणाले, "कोणाला भेटायचंय?"

"अहो काका, मी! काल सलाम केलात ना?"

"काल तुम्ही होतात. आज कोणाला भेटायचंय ते सांगा."

शेवटी भरती खात्याच्या मॅडम खाली आल्या. मी सगळं सांगितलं. बायको, डबे, खोकं, सगळं. माझा आवाज रडवेला झाला होता, लपवत नाही. नोकरी गेली हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

मॅडमनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "असं परत नाही हो येता येत! किती सुंदर निरोप झाला तुमचा! माणसं रडली. त्यांच्या भावनांचं काय? साहेबांचं एवढं भाषण वाया घालवू?"

"मग मी करू काय?"

"एक जागा कालच रिकामी झालीये. आज मुलाखती आहेत. बसा तिकडे रांगेत."

बसलो! माझ्याच खुर्चीसाठी, दोन तरण्याबांड उमेदवारांच्या मागे, बसलो! आत मोठे साहेब होते. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि अजिबात ओळखलं नाही.

"या जागेवर आधी फार मोठा माणूस होता," ते गंभीरपणे म्हणाले. "झेपेल का तुम्हाला?"

"काम काय असायचं त्यांचं?" मी विचारलं. म्हटलं, निदान आता तरी कळेल!

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "ते सगळंच बघायचे," साहेब म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. "काही बघायचा नाही हो तो! तक्त्याला रंग द्यायचा आणि दुपारी डुलक्या काढायचा!"

"खबरदार!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "गेलेल्या माणसाबद्दल या ऑफिसात वाईट बोललेलं मी खपवून घेणार नाही!"

नोकरी डोळ्यांदेखत निसटत होती. मी हात जोडले आणि स्वतःचं असं काही कौतुक केलं, असं केलं, की साहेबांचे डोळे भरून आले. "बरं, घेऊन बघू," ते म्हणाले. "त्यांची सर तुम्हाला यायची नाही. पण सहा महिने कच्च्या नोकरीवर राहा."

जागेवर जाऊन बसलो. स्टेपलरबाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "नवीन का तुम्ही? दोन मिनिटं जरा स्टेपलर मिळेल?"

स्टेपलर खोक्यात होता आणि खोकं गेटवर. संध्याकाळी मी तिथे गेलो. शिक्का बसलेला होता, सगळं तयार होतं. मी हात घालणार तोच वॉचमनकाका आडवे आले.

"हात लावू नका! कालच्या साहेबांचं आहे ते. त्यांच्याच हातात द्यायचा हुकूम आहे."

"काका, तो मीच!"

त्यांनी माझं कोरं करकरीत ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "तुम्ही तर आज लागलात," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तसा माणूस पुन्हा होणे नाही!"

घरी बायकोला सगळी हकिगत सांगितली. नोकरी गेली होती आणि परत मिळाली, हे ऐकून तिला निदान हायसं वाटेल, अशी माझी भाबडी समजूत! ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे डबे नाहीतच. मग उद्यापासून भाजी त्या घड्याळात नेणार का?"

तूर्त मी आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यात जेवण नेतो. एकच डबा, आणि तो रोज संध्याकाळी न चुकता घरी आणतो. फक्त ऑफिसातून निघताना शर्टाच्या आत, पोटाशी लपवून आणतो. उगाच कोणाच्या दृष्टीस पडायचा आणि टाळ्या सुरू व्हायच्या!