आंबोली घाटदर्शन नियोजन समिती (मूळ)

आमच्या आप्पांना आंबोलीचा घाट बघायचा होता. वडगावातल्या घरी हा विषय सकाळी चहाच्या वेळी निघाला आणि दुपारपर्यंत त्याची समिती झाली. आमच्या सीमाभागात याचं कुणाला नवल वाटत नाही. इथे तीन माणसं जमली की समिती होते आणि चौथा आला की तिच्यात फूट पडते.

आप्पांची मागणी साधी होती. उमेदीच्या काळात ते मागावर साड्या विणत आणि त्यांचे गठ्ठे घेऊन लॉरीनं सावंतवाडीला जात. केबिनमध्ये मालक बसे. आप्पा मागे, गठ्ठ्यांवर, ताडपत्रीखाली. घाट त्यांनी आयुष्यभर ओलांडला होता, पाहिला एकदाही नव्हता.

"वळणं सगळी पाठ हायत," ते म्हणत. "कुठं कान बसत्यात, कुठं पोट हलतंय, आत्ता सांगतो. पण भाईर काय हाय म्हाईत न्हाय. एकदा फुडच्या सीटवर बसून जाऊया रं."

मागावरच्या सुताच्या तुसानं त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. "न्यायचं असेल तर लवकर न्या," असं डॉक्टर म्हणाले. सल्ला तोंडी असल्यामुळे समितीला तो विचारात घेता आला नाही.

थोरला भाऊ महादेव अध्यक्ष झाला, धाकटा सूरज सरचिटणीस. मी लग्न होऊन खानापूरला गेलेली, म्हणून निमंत्रित सदस्य. निमंत्रित सदस्याला चहा करता येतो, मत देता येत नाही. आप्पा स्वतः लाभार्थी असल्यामुळे त्यांना बैठकीपासून दूर ठेवणं उचित ठरलं.

पहिला विषय गाडीचा. महादेवच्या गाडीला सनरूफ नव्हतं.

"सनरूफ न्हाय तर घाटाला जाऊन उपयोग काय?" सूरज म्हणाला. "ढग आत कुठनं यायचा?"

सूरजची नवी गाडी येईपर्यंत विषय तहकूब झाला. गाडी आली. मग धुक्याचा प्रश्न उभा राहिला. धुकं असेल तर काही दिसणार नाही, नसेल तर रील होणार नाही. समितीला सगळं दिसेल असं दाट धुकं हवं होतं. ते मिळेपर्यंत आसनव्यवस्था हाती घेण्यात आली. सूरज चालवणार. मागे बसलं की महादेवला मळमळतं, म्हणून अध्यक्ष पुढे.

"मग आप्पा?" मी विचारलं.

"आप्पांना मागची सवय हाय," महादेव म्हणाला. हे बैठकीच्या इतिवृत्तात आलं.

त्यानंतर मार्गावरून फूट पडली. आंबोली आता जुनी झाली, सगळे चोर्ल्याच्या घाटाला जातात, असं सूरजचं मत. महादेवच्या गटानं स्वतःला मूळ समिती म्हणवून घेतलं, सूरजच्या गटानं खरी. दोघांचे व्हॉट्सॲप ग्रुप निघाले आणि दोन्हींवर आप्पांचाच फोटो लागला. दोघांनी पाठिंब्यासाठी त्यांची सही मागितली. त्यांनी दोन्हीकडे केली. "दोनी गाड्या गेल्या तर मलाच बरं," म्हणाले.

निपाणीचे मारुतीराव काका एकी घडवायला आले. या कामाचा त्यांना मोठा अनुभव आहे. गेली कित्येक वर्षं ते हेच करताहेत.

"गडबड कशाला? घाट कुठं पळून जातोय?" ते म्हणाले.

"घाट न्हाय पळत काका. आप्पांचं काय?"

"तो तर चालतसुदिक न्हाय. तो कुठं पळतोय?"

शेवटी मी नवऱ्याची गाडी घेऊन आले. आप्पा धुतलेली टोपी घालून तयारच होते. पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला, काचेवर बोट फिरवून पाहिलं. तेवढ्यात दोन्ही समित्या बाहेर आल्या.

"दोन पोरं असताना जावयाच्या गाडीतनं?" महादेव म्हणाला. "गल्लीत तोंड कसं दाखवायचं आम्ही?"

"बराबर हाय," सूरज म्हणाला. फुटीनंतरचं हे पहिलं एकमत.

आप्पांनी पट्टा स्वतःच सोडला. "ऱ्हाऊ दे गं आक्का. त्येंचं ठरू दे."

एकीचा ठराव झाला त्याच आठवड्यात आप्पा गेले.

अस्थी वेंगुर्ल्याच्या समुद्रात सोडाव्यात असं काका म्हणाले, कारण आप्पांच्या धंद्याची वाट तीच. बैठक झाली नाही. सनरूफचं कुणी विचारलं नाही. तासाभरात गाड्या दाराशी लागल्या, टाक्या भरलेल्या. त्यांत जावयाचीही होती आणि गल्लीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आप्पांना फुडं घ्या," महादेव आपणहून म्हणाला आणि मडकं मांडीवर घेऊन पुढे बसला.

आंबोलीत धुकं होतं आणि सगळं दिसत होतं. दरी, खालची झाडं, पार तळाशी वळत गेलेला रस्ता. समितीला हवं होतं तस्संच. सगळे उतरले. सूरजनं सनरूफ उघडलं. पुढे घाट उतरताना एका वळणावर माझे कान बसले. ते हेच वळण का, हे विचारायला कुणी नव्हतं.

"आप्पांची इच्छा पुरी झाली बघा," काका म्हणाले. त्याला सर्वांनी अनुमोदन दिलं.

मडक्याचं तोंड पांढऱ्या फडक्यानं घट्ट बांधलेलं होतं.

तुमच्या घरातही कुणाला कुठेतरी जायचं असेल. गाडी आहे, फक्त तारीख जमत नाही, एवढंच ना? काळजी करू नका. वेळ आली की तासाभरात जमतं.