अग्नीचा घास

मुरलीधरच्या परदेशातल्या, गिरावीनमधल्या घरात गॅसची शेकोटी होती आणि तिची सर्व्हिसिंग तीन वर्षं लांबली होती. "ज्योत तर झकास आहे," म्हणून तो विषय मिटवायचा. थंडी पडल्यापासून त्याच्या बायकोचं, विनिताचं डोकं रोज संध्याकाळी दुखत होतं, त्याचं खापरही त्याने तिच्या लॅपटॉपवर फोडलं होतं.

त्या आठवड्यात मात्र शेकोटीतल्या खोट्या लाकडांवर काजळी चढली आणि करपट वास सुटला. मुरलीधर इंजिनिअर, पण पुलांचा. टॉर्च घेऊन त्याने आत डोकं घातलं, नाक काळं करून बाहेर काढलं आणि झक मारत गॅसफिटरला फोन केला.

गॅसफिटरने लाकडं उचलली आणि चिमट्याने काहीतरी काळं बाहेर काढलं. "मेट, हा राइस आहे का?"

मुरलीधरने लेकीकडे, श्रियाकडे डोळे वटारले.

"नॉट मी. आजी फीड्स इट."

पंधरा दिवसांपूर्वी पुण्याहून आलेल्या लताबाई शांतपणे म्हणाल्या, "जेवणाआधी अग्नीला तूपभाताचा घास देते. तुमची शेगडी विजेची, तिला काय घालू?"

"अगं आई, बर्नरमध्ये भात? घर पेटलं असतं." तीन वर्षांची टाळाटाळ आता झाकली जाणार, या आनंदात मुरलीधरला चांगलाच चेव चढला.

एवढ्यात गॅसफिटरच्या हातातलं मीटर केकाटलं. गॅस बंद करून, सगळ्या खिडक्या उघडून तो छपरावर जाऊन आला. "भाताने नुसती काजळी धरली. खरी भानगड वर आहे. धुराड्यात मैनेचं जुनं घरटं अडकलंय, विषारी वायू घरातच परत येतोय. कुणाचं डोकं दुखतं का?"

विनिताने मुरलीधरकडे पाहिलं. मुरलीधरने लॅपटॉपकडे पाहिलं.

"काजळी धरली नसती तर मला बोलावलं असतं?"

"नसतंच बोलावलं," विनिता म्हणाली.

घरटं निघालं, बर्नर साफ झाला, पुढच्या सर्व्हिसच्या तारखेचं स्टिकर लागलं. आगीत भात टाकायचा नाही, हे लताबाईंनी लगेच मान्य केलं. दुसऱ्या दिवशी त्या स्टिकरला हळदकुंकू लागलं होतं. विनिताचं डोकं संध्याकाळभर शांत होतं.

मुरलीधर ताटावर बसला. "वाढ ना आई."

"आधी ती तारीख फोनमध्ये टाक," भाताचा वाडगा मागे ओढत लताबाई म्हणाल्या. "अग्नीचं झाल्याशिवाय या घरात कुणी जेवायचं नाही."

मुरलीधरने निमूटपणे पुढच्या दहा वर्षांच्या तारखा टाकल्या. तोवर वरण गार झालं होतं.