दगडाची डोकी

बाकावर दोघं बसले होते, दोघांच्या डोक्याला बर्फाची पिशवी. मुलामुलींचा फुटबॉलचा एकत्र सराव चालला असताना एकाच उंच चेंडूसाठी दोघांनी उडी मारली आणि चेंडू बाजूलाच राहिला.

"डोकं ठणकतंय. उजेड टोचतोय. उलटीसारखं होतंय," ब्रिन म्हणाली.

"मला काही नाही," वेस्ली म्हणाला.

कॉलेजच्या खेळाडूंची दुखापत बघणारी लोरेल त्याच्याकडे बघत राहिली. घरचा दीड वर्षाचा मुलगा सोफ्यावरून घसरला तरी दिवसभर त्याचे डोळे तपासत बसणारी ही बाई. वेस्लीने पिशवी डावीकडे धरली होती, टेंगूळ उजवीकडे होतं.

मुलांचे कोच हॉर्टन दारातच उभे होते. उद्या अंतिम सामना आणि वेस्ली कप्तान! "लोरेल, तुझ्या वहीत बघ. या हंगामात डोक्याला मार बसलेल्या मुली नऊ, मुलगे शून्य. मुलींची डोकी काचेची गं! माझी पोरं दगडाची."

लोरेलने संगणकावर दोघांची चाचणी घेतली. शब्द आठवा, आकडे उलटे म्हणा. ऑगस्टमध्ये धडधाकट असताना मिळालेल्या गुणांशी आजचे ताडून बघायचे, कमी भरले तर खेळ बंद. ब्रिनचे नव्वदावरून अठ्ठावन्न झाले. तिचा हंगाम थांबला.

वेस्लीचे एक्केचाळीसवरून त्रेसष्ट!

"बघ! डोकं आपटून पोरगा हुशार झाला!" कोच टाळी वाजवत म्हणाले. "कर सही."

लोरेलने पेन खाली ठेवलं. आत सूज असेल आणि उद्या दुसरा धक्का बसला, तर हा पोरगा मैदानातून उठायचाही नाही. पण नियमाने त्याला अडवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तिने ऑगस्टची यादी उघडली. मुलांच्या अख्ख्या संघाचे गुण चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.

"कोच, एवढी मठ्ठ पोरं कॉलेजात आली कशी?"

"म्हणजे?"

"सगळ्यांना बोलवा. चाचणी पुन्हा होईल. आत्ता."

"अगं, उद्या फायनल आहे!"

"म्हणूनच आत्ता."

अर्ध्या तासात बाहेर रांग लागली. पहिला गोलकीपर आत आला, खुर्चीत बसला आणि निरागसपणे म्हणाला, "मॅम, खरी द्यायची की ऑगस्टसारखी?"

कोच खिडकीबाहेर बघू लागले.

अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. शहाऐंशी. रांग संपली तेव्हा सगळ्या संघात त्रेसष्टवाला एकटाच उरला होता. वहीतलं मुलांचं कोरं पान लोरेलने उघडलं आणि वेस्लीचं नाव लिहिलं.

वेस्लीने मान खाली घातली. "दिवा जरा बंद करता? टोचतोय."

ब्रिनने डोळे मिटूनच हात लांबवला आणि त्याची पिशवी उजवीकडे सरकवली.

"तुला काय माहीत कुठे लागलंय?"

"माझ्याच डोक्यावर आपटलास ना, दगडा!"