म्हशीच्या पायाबद्दल उपकारस्तुती

जनावरांची भाषा मला सोळा आणे कळते, मुलांनो. बैलाची जरा कमी. घोड्याची मुळीच नाही. खरं सांगायचं तर एक शेळी तेवढी समजते, तीही भुकेली असली तर. पण गोष्ट सांगायला एवढं पुष्कळ झालं. नाकातली बोटं काढा आणि ऐका.

एका जंगलात, ओढ्याच्या वळणावर, जनावरांची एक ख्रिस्ती मंडळी होती. दर रविवारी करंजाच्या झाडाखाली उपासना व्हायची. गायनाला कोकिळा मिळाली नव्हती, बेडूक मिळाले होते. सूर कमी पडायचा तिथं ते आवाज वाढवायचे.

पाळकसाहेब होते शांतवन बगळे. पांढरेशुभ्र, मान लांब, बोलणं मऊ. एका पायावर उभं राहून प्रवचन करायचे, आणि ऐकणाऱ्यांचे चारही पाय झोपी जायचे.

साहेब चालत येत नसत. दीनाबाई म्हशीच्या पाठीवर बसून येत. वाटेत तिच्या अंगावरचे गोचीड टिपत. तिला आराम, यांना नाश्ता. दोघांचं बरं चाललं होतं.

बरं चाललं नव्हतं ते मार्था टिटवीचं.

टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आता झालं. ती ओढ्याकाठच्या गोट्यांतच अंडी घालते. अंडी दिसतातही गोट्यांसारखी. मार्थानं चार घातली होती, आणि दीनाबाईची करंजाकडे जायची वाट नेमकी तिथून होती. अंडी घातल्यानंतरच्याच रविवारी म्हशीचा खूर अंड्यांपासून पाच बोटांवर पडला. मार्था अंड्यांवर बसली होती. तिला खालून जमीन हललेली कळली.

उपासना सुटल्यावर ती साहेबांकडे गेली.

"साहेब, तुमच्या म्हशीला जरा पलीकडून चालायला सांगा. माझी अंडी आहेत तिथं."

"दीनाबाई माझी नाही, मार्थाबाई. मंडळीची सभासद आहे."

"बसता तर तुम्हीच."

साहेबांनी डोळे मिटले. अवघड प्रश्न आला की ते मिटायचेच. "मागच्या वर्षी तुम्ही बेडकांच्या गायनाची तक्रार केलीत. त्याआधी करंजाच्या सावलीची. बायबलात, अरण्यात कुरकुर करणाऱ्यांवर देव कसा कोपला, ठाऊक आहे ना?"

"आपण राहतो कुठं मग, साहेब? अरण्यातच ना?"

"म्हणूनच सांभाळून राहावं," साहेब म्हणाले. त्यांना त्याच वेळी एक कल्पनाही सुचली.

कल्पना अशी, की येणारा महिना 'आभार महिना' म्हणून पाळायचा. महिनाभर कोणी कोणाकडे तक्रार करायची नाही. मनात काहीही असो, रविवारी उभं राहून त्याबद्दल प्रभूचे उपकार मानायचे. प्रत्येकाच्या कानावर करंजाचं एक फूल खोवलं जाईल. कुरकुर केली की फूल गेलं. फूल गेलं की उपासनेला साळिंदराशेजारी बसायचं.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. साळिंदरानंही म्हटलं, पण जरा हळू.

मार्थानं फूल घेतलं. सारी मंडळी तिला कटकटी म्हणायची आणि ते तिला लागायचं. एकदा तरी या सगळ्यांना दाखवून देऊ, असं तिनं ठरवलं. शिवाय ती खरोखरच देवाला मानणारी होती. पाळक म्हणतात तर काहीतरी असेल, असं तिला वाटलं. मुलांनो, असं पुष्कळांना वाटतं.

आभार महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षी सुरू झाल्या. सुवार्ता शेळी उठली.

"प्रभू, तुझे उपकार. आमच्या साळिंदरभाऊंना तू गाढ झोप दिलीस. आणि ती साऱ्या ओढ्याला ऐकू जाईल असं नाकही दिलंस."

"आमेन."

साळिंदर उठलं. "प्रभू, तुझे उपकार. सुवार्ताबाईंनी माझा रताळ्याचा वेल खाल्ला, पण मुळं ठेवली. त्यांना तू मुळांची चव अजून कळू दिली नाहीस."

"आमेन," साहेब म्हणाले. "काय हे प्रेम. काय ही मंडळी."

मग मार्था उठली. नवरा हनोख याला अंड्यांवर बसवून ती आली होती.

"प्रभू, तुझे उपकार," ती म्हणाली. आवाज बारीक ठेवायला तिला फार कष्ट पडत होते. "आज दीनाबाईंचा पाय माझ्या अंड्यांपासून चार बोटांवर पडला."

असं दणदणीत आमेन झालं की बेडूक दचकले.

मागे बसलेल्या दीनाबाईचे डोळे भरून आले. तिच्या पायाबद्दल आजवर लोक पुष्कळ बोलले होते. याच्या भाजीवर पडला, त्याच्या शेपटीवर पडला. आभार मात्र कोणी मानले नव्हते. बिचारीला माझ्या पायाचा गुण येतोय, ती मनाशी म्हणाली. चार बोटांवरून एवढा, तर तीन बोटांवरून किती येईल.

आणि दुसऱ्या रविवारी तिनं नीट बघून, नेम धरून, पाय तीन बोटांवर टाकला.

घरी हनोख म्हणाला, "अगं, जवळ येतोय."

"मी आभार मानले ना."

"मग जरा कमी मान."

"तूच सांग जाऊन म्हशीला."

हनोखनं कानावरचं फूल चाचपलं. "साळिंदराशेजारी बसायचं म्हणजे बघ," तो म्हणाला, आणि विषय संपला.

तिसऱ्या रविवारी दोन बोटं. मार्थानं त्याचेही उपकार मानले. साहेब पुढे आले आणि मंडळीला म्हणाले, "पाहा, श्रद्धा वाढली की अंतर कसं कमी होतं." पलीकडच्या डोंगरावरच्या मंडळीलाही ही साक्ष सांगायची, असं त्यांनी जाहीर केलं. दीनाबाईनं त्या दिवशी चारा खाल्ला नाही. इतकी ती भारावली होती.

चौथा रविवार उजाडला. पहाटेपासून अंड्यांच्या आत टकटक चालली होती. पिलं बाहेर यायच्या बेतात होती. आज मार्था स्वतः बसली. हनोख तिच्याभोवती गोल फिरत होता. एवढंच त्याला येत होतं.

दीनाबाई दिसली. पाठीवर साहेब, ताठ. आज पाय अर्ध्या बोटावर टाकायचा, असं दीनाबाईनं रात्रीच ठरवलं होतं. मनात माया भरपूर होती. पण म्हशीचा खूर तो, त्याला अर्धं बोट कुठून मोजता यावं?

खूर वर गेला. मार्थानं वर पाहिलं. आभाळ दिसेना, नुसता खूर.

"प्रभू, तुझे," ती म्हणाली. पुढचा शब्द काही येईना. पोटाखाली टकटक चालू होती.

मग टिटवी जशी ओरडते तशी ती ओरडली. महिनाभराचं साठलेलं एकदम ओरडली. उडाली ती थेट दीनाबाईच्या नाकावर. दीनाबाई भेदरून बाजूला उसळली, खूर अंडी सोडून चिखलात गेला, आणि पाळकसाहेब शेजारच्या बाभळीच्या जाळीत गेले.

"अगं मार्था, झालं काय?" दीनाबाई धापा टाकत म्हणाली.

"पाय तुमचा. पिलं मरत होती माझी."

"मग त्या पायाचे आभार कशाला मानत होतीस, बये? मी मेली महिनाभर नेम धरधरून जवळ टाकतेय. तुला बरं वाटतंय म्हणून."

"तक्रार करायची नव्हती ना."

"तक्रार कसली त्यात? पलीकडून जा म्हणायचं. दहा पावलं जास्त, ती काय मला जड आहेत?" आणि तिथल्या तिथे दीनाबाई ती दहा पावलं पलीकडे जाऊन उभी राहिली.

जाळीतून आवाज येत होता. "कोणी आहे का तिकडे? किती वेळ झाला. ही बाभळ इथं कोणी उगवू दिली? ही म्हैस आहे की काय आहे? एकाला म्हणून मंडळीत माझी काळजी नाही."

सुवार्ता शेळीनं जाळीत डोकावून पाहिलं. "साहेब," ती फार मायेनं म्हणाली, "तुमचं फूल पडलं."

मार्था परत अंड्यांवर जाऊन बसली. कोणी ऐकत नव्हतं, कोणी आमेन म्हणणार नव्हतं, तरी तिनं देवाचे आभार मानले. त्यानं दिलेल्या गळ्याबद्दल. त्या महिन्यात तिनं मनापासून मानलेले एवढेच.

तात्पर्य

ते सांगायचा मान पाळकसाहेबांचा. त्यांना जाळीतून काढेपर्यंत चारही पिलं अंड्यांतून बाहेर आली होती. ते पंख झटकून एका पायावर उभे राहिले, कारण दुसऱ्यात काटे होते.

"मंडळी, यातून घ्यायचं ते हे," ते म्हणाले. "जो धीर धरतो आणि सर्व गोष्टींबद्दल आभार मानतो, त्याची अंडी प्रभू राखतो. मार्थाबाई, महिनाभर तुम्ही तोंड उघडलं नाहीत, म्हणून आज पिलं दिसताहेत. पुढच्या वर्षीही असाच धीर धराल ना?"

"धरीन की, साहेब," मार्था म्हणाली. "पुढच्या खेपेला अंडी तुम्ही घाला."